विमान घरी बांधताय? ब्रेकचं नंतर बघू!

गॅरेजमध्ये विमान बांधायला घेतलंत? अभिनंदन! आम्ही राहतो त्या टेक्सासात अर्ध्याहून जास्त काम हौसेनं स्वतः केलं की सरकार ते 'प्रायोगिक' म्हणून उडवू देतं. तेव्हा इंजिनावर खर्च करा, कॉकपिटातल्या स्क्रीनवर करा, रंगावर तर कराच. चाकं नि ब्रेक काय, उरलेल्या पैशात होतात. राइट बंधूंच्या १९०३च्या विमानाला चाकंच नव्हती, लाकडी पट्ट्यांवर घसरत उतरायचं. त्यांचं काही अडलं?

टेलव्हीलच घ्या, म्हणजे दोन मोठी चाकं पुढे नि एक छोटं शेपटाखाली; फोटो झकास येतो. वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे, त्यामुळे जरा तिरकं टेकलं की शेपूट पुढे धावते आणि विमान जागच्या जागी फुगडी घालतं. शिकवणी कशाला? व्हिडिओ बघितलेत ना.

नोजव्हील, म्हणजे नाकाखालचं चाक, घेतलंत तर मऊ गवतावर नाक दाबून उतरा.

आत घेता येणारी चाकं? जरूर. एखाद दिवशी बाहेर काढायची राहतील, एवढंच.

चाकं धरणाऱ्या पायांसाठी अमेरिकन विमानरचनाकार स्टीव्ह विटमननं पोलादी पट्टीची स्प्रिंग काढली, सेस्ना या विमान कंपनीनंही तीच वापरली. विस्कॉन्सिनातल्या ओशकोशच्या विमानतळाला त्याचं नाव आहे. तुम्ही भंगारातली पट्टी आणा आणि वेल्डिंग मारा. टेम्पर-बिंपर, म्हणजे पोलाद तापवून कणखर करणं, ही कारखानेवाल्यांची थेरं.

ब्रेक गो-कार्टचे चालतात. ताशी ६० मैलांऐवजी ७५नं टेकलात तर दीडपटीहून जास्त ऊर्जा त्या चिमुकल्या डिस्कला गिळावी लागते. गिळेल की!

आता ब्रेकचं तेल. विमानाचं तांबडं तेल म्हणजे निव्वळ लूट, असं आमचे हँगरशेजारी सांगतात. गाडीचं, मधाच्या रंगाचं, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. ओता. तेल ते तेल! विमानाच्या कॅलिपरमधल्या (डिस्कला चिमटीत पकडणारा भाग) ओ-रिंगा, म्हणजे गळती रोखणाऱ्या गोल रिंगा, नायट्राइल रबराच्या, त्यांना खनिज तेल लागतं, गाडीचं तेल ग्लायकॉलचं, हे डब्यावर लिहिलेलं असतं. पण डबा वाचतो तो बावळट. शेजाऱ्यांनी अर्धं तांबडं, अर्धं मधाचं, अशी भेळ केली. त्यांच्या विमानाचं पुढचं चाक मोकळं फिरणारं, म्हणजे जमिनीवर वळायचं ते डाव्या-उजव्या ब्रेकवरच. मागच्या शनिवारी उजवं पेडल थेट फळीला टेकलं, डावा ब्रेक मात्र ठणठणीत. विमान डावीकडे वळलं ते वळलंच. डावीकडे कोण उभं होतं? माझं विमान.

कॅलिपर मीच उघडला. आतली रिंग भिजवलेल्या साबुदाण्यासारखी फुगलेली, नखानं दाबली तर तुकडा पडला. आणि हे महाशय म्हणतात, "हवा राहिली असेल." हवा! हवा काढायला तेल खालून, कॅलिपरच्या निपलमधून, म्हणजे छोट्या तोटीतून, वर चढवतात, कारण बुडबुडा वर जातो. चहाचं आधण ठेवणाऱ्यालाही कळतं ते. याच्या डोक्यात नेमकं काय वर जातं?

शेजारीबुवा, माझा रडर, म्हणजे शेपटाचं उभं सुकाणू, तुमच्या इंजिनानं खाल्लाय. दोन हिवाळे लागले होते तो करायला. बायको रिव्हेट गन धरायची, मी आतून बकिंग बार, म्हणजे रिव्हेटमागे टेकवायचा लोखंडी ठोकळा. एकेक रिव्हेट, वाकडा गेला की ड्रिलनं काढून पुन्हा. प्रोपेलरनं चार सेकंदांत त्याची कोथिंबीर चिरली. आत कुणी बसलेलं नव्हतं म्हणून मी आज नुसतं लिहितोय.

चेष्टा पुरे. अहो, वीस-पंचवीस डॉलरच्या तेलात काटकसर करायची होती, तर ऐंशी हजारांचं विमान कशाला बांधलंत? पतंग उडवायचा होता! तुमचा जीव तुमचा, पण टॅक्सीवे, म्हणजे विमानांचा जमिनीवरचा रस्ता, तुमच्या तीर्थरूपांचा नाही. गाडीचं तेल टाकलेल्या ब्रेकच्या सगळ्या रिंगा फेका, नळ्या धुवा, पेडलपाशी तेल दाबणारा मास्टर सिलिंडर उघडा, मगच इंजिन सुरू करा. तोवर विमान ढकलत न्या, हातानं.

काल हेच गृहस्थ विचारायला आले, "तुमच्याकडे थोडं तांबडं तेल असेल का हो?"

आहे. देणार नाही.