आजोबांच्या बॅगेला दाढी

गणपती आठ दिवसांवर आले की आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घरात माळा साफ होतो. यंदा माळ्यावरनं आजोबांची चामड्याची बॅग खाली आली. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, बॅग त्यांच्याबरोबर कुठं कुठं हिंडून आली तरी तिला काय झालं नाही, आणि आमच्याकडं जून ते ऑगस्ट नुसती पडून राहिली तर तिला दाढी आली. पांढरट हिरवी, मऊमऊ, शिलाईच्या टाक्याटाक्यात.

मोबाईलवर वाचलं की पांढरं दिसतं ते सगळं बुरशीच असतं असं नाही, कधीकधी चामड्यातली चरबी वर येते आणि हेअर ड्रायरच्या गरम हवेनं विरघळते. म्हणून बायकोचा ड्रायर मारला. विरघळायचं सोडा, हॉलभर उडालं. बुरशीच होती म्हणायची. शेजारच्या काकू चहाला बसलेल्या, त्या शिंकत शिंकतच, "एवढं काय करूलाईस, खोबरेल लाव की रे!"

अहो, गेल्या साली तेच तर लावलं होतं! वर प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवली, म्हणजे बुरशीची जेवणासकट राहायची सोय मीच केलेली.

बाबा म्हणाले उन्हात टाक. श्रावणातलं बेळगावचं ऊन म्हणजे दहा मिनिटांचा पाहुणा, आणि कडक उन्हात चामडं तडकतं ते वेगळंच. शेवटी खडेबाजारातल्या चपला शिवणाऱ्या मामांकडं गेलो. मामा मूळचे अथणीचे, कोल्हापुरी बनवणाऱ्या घरातले. (कोल्हापुरीला 2019 साली जीआय टॅग, म्हणजे ही वस्तू याच भागातली असा सरकारी शिक्का, मिळाला तो महाराष्ट्राचे 4 आणि कर्नाटकाचे 4 जिल्हे मिळून, सीमाप्रश्न चपलेनं तरी सोडवला म्हणायचा.) मामांनी बॅग हुंगली, मान हलवली आणि म्हणाले, घरात झाडू नका, बाहेर न्या, मऊ ब्रश मारा, मग स्पिरिटात निम्मं पाणी घालून फडकं नुसतं ओलसर करून पुसा, आधी आतल्या कोपऱ्यात लावून बघा रंग जातोय का, आणि सावलीत वाळवा.

मग काय, तोंडाला मास्क लावून गच्चीवर. दोन सरींच्या मधी ब्रश मारायचा, सर आली की बॅग पोटाशी धरून जिन्यात पळायचं. फडकं चहासारखं तपकिरी झालं, पितळी बकल चमकायला लागलं, मी मात्र इंजेक्शनच्या खोलीसारखा वास मारूलालो.

आता बॅग हॉलमध्ये फॅनखालच्या खुर्चीवर उघडी बसलीय. आरतीला आलेली माणसं घामाघूम होऊन पंचांगानं वारा घेतात आणि विचारतात, "कोण गावाला चाललंय?"