मोइसनाइट आणि हिरा: फिरत्या मेसेजबद्दल खुलासा

पुण्यातल्या लग्नखरेदीच्या ग्रुपांवर सध्या मोइसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या खड्याबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘मोइसनाइट म्हणजे अमेरिकन डायमंडच, वर्षभरात काळा पडतो. खात्री करायची तर टेस्टर लावा, बीप वाजला की खरा हिरा.’ यातलं एकही विधान बरोबर नाही.

अमेरिकन डायमंड म्हणजे क्युबिक झिरकोनिया. मोइसनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासाँ यांना 1893 मध्ये ॲरिझोनातल्या उल्केच्या नमुन्यात सापडलेलं. दागिन्यांतलं मात्र प्रयोगशाळेतच बनतं. कठीणपणाच्या मोहस मापावर हिरा 10, मोइसनाइट 9.25, झिरकोनिया 8 ते 8.5. मोइसनाइट काळं पडत नाही. साबण-तेलाचा थर बसतो, तो धुतला की जातो.

टेस्टरची गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण तिथे पैसे बुडू शकतात. साधा टेस्टर खडा उष्णता किती वेगाने वाहून नेतो एवढंच बघतो, आणि त्यात मोइसनाइट हिऱ्याच्या इतकं जवळ आहे की बीप वाजतोच. दहापट भिंगातून तिरकं पाहिलं तर मोइसनाइटच्या मागच्या कडा दुहेरी दिसतात, हिऱ्याच्या दिसत नाहीत. लक्ष्मी रोडवर सराफाकडे भिंग मागायला लाजू नका.

साखरपुड्याला कोणता घ्यावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मोइसनाइटमध्ये रंगीत चमक जास्त असते. काहींना ती भडक वाटते (मलाही, मोठ्या खड्यात). एखादा खडा हिरा म्हणून हिऱ्याच्या भावाने विकला जात असेल तर मात्र प्रमाणपत्राशिवाय घेऊ नका.

तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.