आमच्याकडे फक्त फांद्या

सकाळी सातला मशीनच्या करवतीच्या आवाजाने जाग आली. खिडकीतून पाहिलं तर खाली टेम्पो उभा, दोरखंड टाकलेले, आणि रस्त्याच्या आमच्या बाजूची अकरा झाडं चार माणसं ओळीने एकाच उंचीवर कापत चाललेली. म्हणे छाटणी. दुपारपर्यंत अकरा खराटे उलटे रोवल्यासारखा रस्ता दिसायला लागला होता.

पण मी लिहायला बसले ते त्यामुळे नाही. म्हणजे त्यामुळेही, पण आधी हे ऐका.

चौथ्या झाडाला लोखंडी जाळी आहे. ते रोप असताना गुरांपासून, माणसांपासून वाचावं म्हणून बसवलेली. झाड मोठं झालं, जाळी तेवढीच राहिली. आता तिच्या सळया सालीत रुतल्यात, दोन ठिकाणी तर खोडाने अख्खी सळई गिळलीय. खाली जाऊन मी कापणाऱ्यांपैकी एकाला म्हटलं, "दादा, एवढं कापताच आहात तर ही जाळीही कापून काढा ना." तो म्हणाला, "ते आमच्याकडे नाही ताई. आमच्याकडे फक्त फांद्या."

आमच्याकडे फक्त फांद्या! दिवसभर हेच डोक्यात घुमतंय. फांद्या एकाकडे, जाळी दुसऱ्याकडे, फरशी तिसऱ्याकडे, केबलचा खड्डा चौथ्याकडे. आणि झाड कोणाकडे? अख्खं झाड, मुळापासून शेंड्यापर्यंत, नेमकं कोणाकडे असतं हो?

एक जुनी गोष्ट सांगते. घरच्यांना पाठ आहे, त्यांनी पुढे सरकावं.

मी बारा वर्षांची असताना आमच्या फाटकासमोर रस्त्याकडेला एक रोप लावलं होतं. ते वाऱ्याने कलायचं. मी एक काठी रोवली आणि तारेच्या तुकड्याने रोप तिला बांधून टाकलं. चांगलं घट्ट, दोन पीळ देऊन. बाबा म्हणाले, "सैल बांध. आणि पुढच्या वर्षी आठवणीने सोड." मी हो म्हटलं. बारा वर्षांच्या मुलीचं 'हो' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. काठी कधीतरी कुजून पडली. तार राहिली.

आता छाटणीबद्दल बोलते, कारण सकाळपासून तीन जणांनी मला "अगं, फुटतील परत" असं ऐकवलंय. फुटतील ना! तोच तर घोटाळा आहे. शेंडा आणि जाड फांद्या मध्येच उडवल्या की झाडाचा अन्न तयार करणारा पालाच जातो. मग ते घाबरून (हो, मी घाबरूनच म्हणणार) कापलेल्या टोकाशी झुपकेच्या झुपके फुटवे काढतं. लोकांना ते हिरवंगार दिसतं. पण मूळची फांदी वर्षानुवर्षं खोडाच्या लाकडात विणली गेलेली असते आणि हे फुटवे नुसते वरच्या थरात चिकटलेले असतात. वाढतात भराभर, जड होतात, आणि खाली कापलेलं टोक कुजत असतं. चार-पाच वर्षांनी हेच फुटवे कोणाच्या तरी डोक्यावर येणार. मग म्हणायचं, बघा, झाडं धोकादायक. आणि मुळापासून काढायचं.

फांदी कापायचीही जागा असते. खोडाला ती जिथे मिळते तिथे जरा फुगीर कडा असते, तिच्या लगेच बाहेर कापायचं. खोडाशी सपाट नाही आणि हातभर खुंटी ठेवूनही नाही. जड फांदी असेल तर आधी खालून अर्धवट काप, मग जरा पुढे वरून, आणि वजन उतरलं की शेवटचा काप त्या कडेशी. नाहीतर फांदी पडताना खाली खोडाची साल सोलत जाते. आज माझ्या डोळ्यांदेखत तीन झाडांची सोलली. वर डांबर फासलं, म्हणजे जखम भरली! अलेक्स शायगो म्हणून अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ होते, त्यांनी हजारो झाडं उभी चिरून आत काय होतं ते पाहिलं. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालतं, तो भाग कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. जुनी जखम आत तशीच असते. त्या फुगीर कडेत या भिंतीची तयारी असते, तीच आपण कापून टाकतो. डांबराने तिथे काडीचा फरक पडत नाही.

बरं, विजेच्या तारांत शिरलेली फांदी कापायलाच हवी, मान्य. वाळकी फांदी शाळेच्या दारावर लोंबू द्यायची नाही, तेही मान्य. पुढे.

तर तार. रोपाचं झाड झालं. मला वाटायचं, मी बांधलेली तार झाडाबरोबर वर गेली असेल, उंच कुठेतरी पानांत. तसं होत नाही. झाड उंच होतं ते शेंड्याने, खोड फक्त जाड होतं. तार जिथे बांधली तिथेच राहते. माझी तार तिथेच होती, बारा वर्षांच्या मुलीच्या छातीच्या उंचीवर. मी मोठी झाले, ती माझ्या कमरेशी आली, आणि रोज तिच्यासमोरून जात असूनही मला दिसली नाही, कारण तोवर साल तिच्यावर चढली होती. दिसत होता फक्त एक खोलगट पट्टा आणि त्याच्या वर फुगवटा. पानांत तयार झालेलं अन्न सालीखालूनच मुळांकडे उतरतं. तारेने वाट अडवली की ते वर साठतं. तो फुगवटा म्हणजे झाड सतरा वर्षं काहीतरी सांगत होतं. मला मात्र त्या फुगवट्यावर पाय ठेवून वर चढायला बरं पडायचं.

आज आमच्या इथे निम्मे लोक चिडलेत ते "झाडं कापली" म्हणून. बरोबर आहे. पण यातले कितीजण मागच्या वर्षी रोपं लावतानाच्या फोटोत होते, तेही मला माहीत आहे. त्या रोपांना नंतर पाणी कोणी घातलं? पहिली दोन-तीन वर्षं तरी घालावंच लागतं, कारण मुळं अजून त्या पिशवीएवढ्याच मातीत असतात. आळं कोणी केलं? पिशवीत गोल गोल वळलेली मुळं लावण्याआधी कोणी सोडवली? आणि सगळी रोपं एकाच जातीची का? युरोप-अमेरिकेत शहरंच्या शहरं एल्म झाडांनी सजवली होती, एक बुरशीचा रोग आला आणि रस्तेच्या रस्ते बोडके झाले. पण नाही, आपल्याला एकसारखी रांग हवी, फोटोत बरी दिसते.

आणि ती फरशी! खोडाला चिकटवून बसवतात, बोटभरही जागा सोडत नाहीत. लोकांना वाटतं मुळं खोल पाताळात गेलेली असतात. बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात, आणि बाजूला फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. त्यांना पाणी लागतं आणि हवाही लागते. वर सिमेंट, बाजूने केबलसाठी चर, त्या चरात तुटलेली अर्धी मुळं. मग वादळात झाड उन्मळलं की "मुळं खोल नव्हती" म्हणून त्यालाच बोल.

थांबते जरा. चहा घेऊन येते, नाहीतर कोणाचं तरी नाव लिहून बसेन.

आले. एक सांगायला हवं. तो फांद्यावाला माणूस. डोक्यावर काही नाही, पायात चपला, एका हाताने फांदी धरलेली आणि दुसऱ्या हातात करवत. कमरेची दोरी पाहून माझ्याच पोटात गोळा आला. त्याला कोणी शिकवलंय फुगीर कडा म्हणजे काय? त्याला सांगितलंय, संध्याकाळपर्यंत अकरा झाडं. खाली उतरल्यावर त्यानेच जाळीत बोट घालून सळई कुठवर गेलीय ते चाचपलं आणि म्हणाला, "हे लहानपणीच काढायला पाहिजे होतं." मी काही बोलले नाही. काय बोलणार होते?

माझी तार बांधल्यापासून सतराव्या वर्षी सापडली. रात्री वारा सुटला होता, सकाळी झाड आडवं. मुळासकट नाही, मधूनच, काडी मोडावी तसं. एक स्कूटर चेपली, माणूस कोणी नव्हता म्हणून वाचलो. लोक जमले, म्हणाले ही जातच ठिसूळ. (जातीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर इथेही तेच सुरू कराल.) मी वाकून पाहिलं. मोडलेल्या तोंडावर लाकडात एक काळं वर्तुळ होतं आणि त्यातून गंजक्या तारेचं टोक बाहेर आलेलं, दोन पिळांचं. बाबा शेजारी उभे होते. त्यांनी पाहिलं, मला काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

म्हणून मला नुसत्या कापणाऱ्यांवर चिडता येत नाही. चिडलेय, पण पूर्ण नाही.

संध्याकाळी मी पक्कड आणि हॅकसॉ घेऊन खाली गेले होते. परवानगीचं विचारणाऱ्यांसाठी: दुपारी फोन केला होता, "कळवतो" म्हणाले. जे लोखंड खोडाने गिळलंय ते ओढून काढायचं नाही, त्याने नवी जखम होते. दोन्ही बाजूंनी सळई कापायची आणि आतला तुकडा आतच राहू द्यायचा. दोन सळया कापल्या आणि ब्लेड तुटलं. अजून नऊ आहेत. मोठा बोल्ट कटर कोणाकडे असेल तर उद्या सकाळी सहाला चौथ्या झाडाशी या. सातनंतर माझं ऑफिस.

आणि कोपऱ्यावरच्या तीन नव्या रोपांच्या दोऱ्या मी सैल केल्यात. रोपं थोडी कललेली दिसतील. कृपा करून कोणी परत घट्ट बांधू नका.