घटस्फोटाच्या निकालाची नक्कल: कागद आपलाच, पण शोधायचा कुठे?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या थोरल्या बहिणीचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज एका कागदावाचून अडला. आमचे वडील केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. त्यांच्या पश्चात आईला निवृत्तिवेतन मिळत होते आणि जानेवारी २०११ मध्ये आई गेली. ताईच्या घटस्फोटाचा अर्ज ऑगस्ट २०१० मध्ये दाखल झाला होता, निकाल मात्र मार्च २०११ मध्ये लागला. घटस्फोटाचा अर्ज आईवडिलांच्या हयातीत न्यायालयात दाखल झालेला असेल, तर निकाल त्यांच्या पश्चात लागला तरी त्यांच्यावर अवलंबून असलेल्या मुलीला, इतर अटी पूर्ण होत असल्यास, केंद्राचे कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते, असा आदेश जुलै २०१७ मध्ये निघाला आहे. तो आमच्या कानावर यायलाच इतकी वर्षे गेली. निवृत्तिवेतनाच्या कचेरीने निकालाची प्रमाणित प्रत, म्हणजेच न्यायालयाची नक्कल, मागितली आणि तीवर घटस्फोटाचा अर्ज दाखल झाल्याची तारीख स्पष्ट दिसली पाहिजे, असे बजावले. ताईजवळ होती ती चार घड्या घातलेली झेरॉक्स, आणि प्रकरणाचा क्रमांक नेमका घडीवर येऊन पुसून गेलेला. वकीलसाहेब वारले होते व त्यांच्या फायली कोणाकडे गेल्या हे त्यांच्या घरच्यांनाही सांगता येत नव्हते.

त्यानंतरच्या चार महिन्यांत जे शिकायला मिळाले ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण माझे असे ठाम मत झाले आहे की कौटुंबिक प्रकरणांतील गोपनीयता, जी पक्षकाराला बाहेरच्यांपासून वाचवण्यासाठी आहे, ती आपल्याकडे पुष्कळदा खुद्द पक्षकाराच्याच आड येते.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा दाखला मिळतो तसा ‘घटस्फोटाचा दाखला’ मिळत नाही. महानगरपालिकेत किंवा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कितीही खेटे घातले तरी उपयोग नाही. न्यायालयाचा न्यायनिर्णय (जजमेंट) आणि त्यावरून तयार होणारा हुकूमनामा (डिक्री) हाच काय तो पुरावा, आणि तो ज्या न्यायालयाने दिला तिथेच मिळतो. सगळ्या राज्याची एकत्र नोंदवही कुठेही नाही. त्यामुळे पहिला प्रश्न ‘अर्ज कसा करायचा’ हा नसून ‘प्रकरण कुठल्या न्यायालयात चालले’ हा असतो.

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे अर्ज लग्न जिथे लागले तिथे, दोघे शेवटचे एकत्र राहिले तिथे किंवा सामनेवाला जिथे राहतो तिथे करता येतो, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी अर्जदार असल्यास ती राहते तिथेही करता येतो. म्हणजे एका जोडप्यासाठी तीन-चार गावे संभवतात. शिवाय कुटुंब न्यायालय कायदा १९८४ चा असला तरी कौटुंबिक न्यायालये सगळीकडे एकाच दिवशी उघडली नाहीत. जिथे ती नाहीत तिथे ही प्रकरणे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतात. मुंबईतली जुनी प्रकरणे शहर दिवाणी न्यायालयात चालत. पारशी दांपत्यांचे न्यायालय तर वेगळेच, उच्च न्यायालयाच्या आवारातले. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखालचा अर्ज बहुतेक वेळा दंडाधिकाऱ्यांकडे केलेला असतो, त्यामुळे त्याचे कागद कौटुंबिक न्यायालयात शोधत बसू नये.

आमची फसगत इथेच झाली. ताईचे प्रकरण निकाली निघाले तेव्हा आमच्या जिल्ह्याच्या गावी कौटुंबिक न्यायालय नव्हते. ते नंतर आले. आम्ही साहजिकच नव्या इमारतीत गेलो. तिथून आम्हाला जुन्या इमारतीत धाडले, जुन्या इमारतीतून पुन्हा नव्या. ‘सगळं रेकॉर्ड तिकडं गेलंय, मॅडम,’ हे वाक्य ताईने दोन्ही ठिकाणी ऐकले. कायदा वाचल्यावर उलगडा झाला: कौटुंबिक न्यायालय स्थापन होते तेव्हा त्याच्याकडे वर्ग होतात ती प्रलंबित प्रकरणे. जे आधीच निकाली निघाले आहे ते, वेगळी व्यवस्था केली नसेल तर, जुन्याच न्यायालयाच्या अभिलेख कक्षात असायला हवे. ही एक ओळ दोन्ही इमारतींच्या दर्शनी भागात लावली असती तर एका बाईचे सहा हेलपाटे वाचले असते.

आता क्रमांक शोधण्याविषयी. न्यायालयीन प्रकरणांची माहिती देणाऱ्या ‘ई-कोर्ट्स’ या सरकारी संकेतस्थळावर किंवा ॲपवर जिल्हा आणि न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. वर्ष टाकावे लागते आणि प्रलंबित की निकाली हेही निवडावे लागते. निकाली हा पर्याय निवडायचा राहून गेला तर काहीच सापडत नाही आणि माणूस निराश होऊन उठतो. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो, आपल्या राज्यात त्याची सुरुवात ‘एमएच’ने होते, तो एकदा मिळाला की बाकी काही लक्षात ठेवावे लागत नाही. नावे मात्र बहुधा रोमन लिपीत भरलेली असतात आणि आडनावातला दीर्घ ‘ई’ कोणी कसा लिहील याचा नेम नसतो, म्हणून आडनावाची पहिली तीन-चार अक्षरेच टाकून पाहावीत. आम्ही ताईच्या माहेरच्या नावाने शोधले, सासरच्या नावाने शोधले, काही निघाले नाही. मग माझ्या भाचीच्या लक्षात आले की घटस्फोट परस्पर संमतीचा होता; त्यात दोघेही अर्जदार असतात, आणि अर्जदार क्रमांक १ म्हणून नाव होते ते ताईच्या तेव्हाच्या यजमानांचे. त्यांच्या नावाने शोधताच पाच मिनिटांत क्रमांक हाती आला. (चौदा वर्षांत ताईने ते नाव पहिल्यांदा टंकले असेल. ती काही बोलली नाही, चहा टाकायला उठून गेली.)

संगणकावर काही सापडले नाही, तर न्यायालयातल्या नोंदवह्या पाहण्यासाठी अर्ज करावा. निकालाचे वर्ष, शक्य तर महिना, दोन्ही बाजूंची पूर्ण नावे आणि वकिलांचे नाव एवढे दिले की शोधणाऱ्याचे काम हलके होते. जुन्या पोटगीच्या पावत्या, तारखांच्या चिठ्ठ्या, समन्स, यांतल्या एखाद्यावर क्रमांक असतोच. मुंबई-पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयांत क्रमांकाआधी इंग्रजी अक्षर असते. परस्पर संमतीच्या याचिकेला ‘एफ’ आणि वादातल्या घटस्फोटाला ‘ए’, तेव्हा ते अक्षर गाळून नुसता आकडा सांगू नये.

क्रमांक मिळाल्यावरचा भाग त्यामानाने सरळ आहे. नक्कल विभागात नक्कल अर्ज द्यायचा, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, प्रकरणाचा क्रमांक, पक्षकार, निकालाची तारीख लिहायची, आणि नेमके कोणते कागद हवेत ते नाव घेऊन सांगायचे. ‘निकालाची कॉपी’ असे मोघम लिहू नये. न्यायनिर्णय वेगळा, हुकूमनामा वेगळा, परस्पर संमतीत ठरलेल्या अटींचा कागद वेगळा, रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झाले याची नोंद) वेगळा. आपल्याला न्यायनिर्णय आणि हुकूमनामा दोन्ही लागतात, असे धरूनच चालावे. आपल्याकडच्या न्यायनिर्णयाच्या पहिल्या पानावर उजव्या कोपऱ्यात दाखल तारीख, नोंदणीची तारीख, निकालाची तारीख आणि प्रकरण किती वर्षे, महिने, दिवस चालले हे एकाखाली एक लिहिलेले असते. ताईच्या निवृत्तिवेतनाचा सगळा भार त्या चार ओळींवर होता. नकलेच्या अखेरीस अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, याच्या तारखांचा शिक्का असतो. तोही जपावा, कारण अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळवण्यात गेलेला आवश्यक काळ वगळला जातो.

ओळखपत्र न्यावे. लग्नानंतर किंवा घटस्फोटानंतर नाव बदलले असेल तर दोन्ही नावे जोडणारा पुरावाही न्यावा, म्हणजे खिडकीवर वाद होत नाही. परगावी वा परदेशी असणाऱ्याने वकिलामार्फत अर्ज करावा. परदेशात कागद दाखवायचा असेल तर नकलेवर आधी राज्य शासनाचे प्रमाणन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे ॲपोस्टिल (हेग करारातल्या देशांत कागद ग्राह्य ठरवणारे प्रमाणन) लागते, त्यासाठी हाताशी वेळ ठेवावा.

माझ्या पुतण्याने मोठ्या उत्साहाने माहितीच्या अधिकारात अर्ज करू या असे सुचवले होते. तो मार्ग इथे चालत नाही. न्यायिक कागदांच्या नकला न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनुसारच मागाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

बाहेरच्या माणसाला, म्हणजे जो पक्षकार नाही त्याला, नक्कल हवी असेल तर कारण सांगून, प्रतिज्ञापत्र देऊन न्यायालयाची परवानगी मागावी लागते, आणि ती मिळेलच असे नाही. हे योग्यच आहे, असे मला वाटते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार ही प्रकरणे बंद दाराआड चालतात आणि त्यांतला मजकूर छापणे किंवा प्रसिद्ध करणे हा दंडनीय गुन्हा आहे. दंड एक हजार रुपयांपर्यंतच आहे, पण दंड किरकोळ म्हणून गोष्ट किरकोळ ठरत नाही. दुसऱ्या लग्नासाठी स्थळ पाहताना ‘त्याची कोर्टातली फाईल कुठून काढता येईल का’ असे मला दोघा-तिघांनी विचारले आहे. फाईल काढू नका, समोरच्याकडून हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागा. जो दाखवत नाही त्याच्याविषयी तेवढ्यावरूनच काय ते समजावे. अपिलाची मुदत उलटली आहे की नाही, तेही त्या प्रतीवरच्या तारखेवरून पाहता येते.

परंतु बाहेरच्यासाठी असलेले हे दार पक्षकारावरही लोटले जाते, ही माझी तक्रार आहे. ताईला पहिल्या दिवशी विचारण्यात आले, ‘कशाला पाहिजे?’ पक्षकाराने आपल्याच निकालाची नक्कल का हवी हे सांगण्याचे बंधन नाही; दिवाणी प्रक्रिया संहितेने अर्ज आणि खर्च यांवर ती त्याला देऊ केली आहे. इतकेच नव्हे, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ च्या चौथ्या उपकलमानुसार घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यायची असते. विशेष विवाह कायद्यातही हीच तरतूद आहे. पोटगीच्या आदेशाची प्रत ज्याच्या बाजूने आदेश झाला त्याला फुकट देण्याची तरतूद जुन्या फौजदारी संहितेत होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे. ताईला २०११ मध्ये हे कोणी सांगितले नाही. ती मोफत प्रत निघाली असेल तर वकिलांच्या फायलीत गेली असेल, आणि तिच्या हाती आली ती झेरॉक्स. कौटुंबिक न्यायालयात वकील हा पक्षकाराचा हक्क म्हणून गृहीत धरलेलाच नाही, कायद्याची कल्पनाच अशी की माणसाने स्वतः उभे राहावे. मग निकालाची प्रतही पक्षकाराच्या स्वतःच्या हातात, सही घेऊन, का दिली जाऊ नये? याला ना नवा कायदा लागतो ना वेगळी तरतूद, एक नोंदवही पुरेल.

ज्यांचा निकाल नुकताच लागला आहे त्यांना कळकळीने सांगतो, दोन्ही कागदांच्या निदान दोन प्रमाणित प्रती आत्ताच काढून ठेवा. निकाली प्रकरणातले सगळे कागद कायम ठेवले जात नाहीत. वर्गवारीप्रमाणे ठरावीक मुदतीनंतर बरेचसे नष्ट होतात. मूळ कागद दाखल केले असतील तर अपिलाची मुदत संपल्यावर अर्ज देऊन ते परत मागता येतात. आमची नक्कल अकराव्या दिवशी मिळाली, कोपऱ्यातली दाखल तारीख ऑगस्ट २०१० चीच निघाली आणि निवृत्तिवेतनाचा अर्ज आता पुढे सरकला आहे. त्याच फायलीत ताईचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला दिसला, जो आम्ही घरभर शोधून हरवला म्हणून सोडून दिला होता. त्यासाठी वेगळा अर्ज दिला असून पुढच्या बुधवारी बोलावले आहे.