डायलिसिसवर थंडी वाजली की आधी पाण्याकडे बघा

डायलिसिस सेंटरचं उद्घाटन असलं की फोटो मशीनशेजारी निघतात. फीत, नारळ, देणगीदाराच्या नावाची पाटी. मागच्या आरओ रूममध्ये, म्हणजे डायलिसिसचं पाणी शुद्ध होतं तिथे, डोकावलेला पाहुणा मी अजून पाहिलेला नाही. मी डायलिसिस टेक्निशियन आहे, आणि माझं मत विचाराल तर सेंटर कसं आहे ते त्या खोलीत कळतं.

मिनिटाला 500 मिली धरा, चार तासांत 120 लिटर पाणी पेशंटच्या रक्ताला लागून वाहतं. मधे फक्त डायलायझरचा, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्याचा, पातळ पडदा. अख्खा जंतू त्यातून सहसा जात नाही, पण त्याच्या कवचाचं विष, म्हणजे एन्डोटॉक्सिन, जाऊ शकतं. मग पेशंट खाट हलेल इतका कुडकुडतो.

आणि आपण? ब्लँकेट, एव्हिल नि हायड्रोकॉर्टची इंजेक्शनं. थंडी थांबली की विषय संपला. कॅथेटरच्या, म्हणजे डायलिसिससाठी शिरेत घातलेल्या नळीच्या, इन्फेक्शननेही थंडी वाजते, मान्य. रक्तात जंतू आहेत का बघायला ब्लड कल्चर पाठवायलाच हवं. पण एकाच शिफ्टला दोघं-तिघं कुडकुडले तरी 'हवा बदललीये' म्हणून सोडून द्यायचं?

क्लोरीन आणि क्लोरामाइन रक्तपेशी फोडतात, म्हणून कार्बन फिल्टरने ते काढावंच लागतं. ते गेलं की पाण्याला राखणदार उरत नाही. पुढे टाकीत, लूपमध्ये (मशीनपर्यंत पाणी फिरवणाऱ्या पाइपलाइनमध्ये), बंद पडलेल्या मशीनच्या पॉइंटला पाणी तुंबलं की पाइपला आतून जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. एकदा धरला की नुसत्या फ्लशिंगला दाद देत नाही. म्हणून पूर्ण लूपचं डिसइन्फेक्शन थर धरायच्या आधी, ठरल्या तारखेला व्हायला हवं. 'पेशंट जास्त आहेत, पुढच्या रविवारी बघू' हे वाक्य मी फार ऐकलंय.

बायकार्बच्या कॅनवर तर मी भांडतो. डायलिसिसच्या पाण्यात अ‍ॅसिड आणि बायकार्ब अशी दोन द्रावणं मिसळतात. अ‍ॅसिडच्या कॅनमध्ये जंतूंचं फारसं चालत नाही, बायकार्बमध्ये मात्र ते मजेत वाढतात. तरी कालचं उरलेलं तसंच ठेवून वर नवी पावडर कालवणारे आहेत! चार पैसे वाचतात म्हणे. उरलेलं ओतून द्या, कॅन आरओच्या पाण्याने धुवा, उलटा घालून वाळवा. एवढंच तर आहे.

आता पाण्याचा रिपोर्ट. मिलीला 100 पेक्षा कमी कॉलन्या (जंतूंचे ठिपके) हव्यात, 50 झाल्या की हालचाल सुरू. एन्डोटॉक्सिन मिलीला 0.25 युनिटच्या आत. पण कित्येक लॅब हे सॅम्पल रक्त-लघवीसारखंच 37 डिग्रीला दोन दिवस ठेवतात आणि 'नो ग्रोथ' लिहून मोकळ्या होतात. पाण्यातले जंतू अर्धपोटी जगणारे, सावकाश वाढणारे. त्यांना वाढायला आर-टू-ए सारखं कमी पोषणाचं माध्यम, 20 डिग्रीच्या आसपासचं तापमान आणि सात दिवस लागतात. असला 'नो ग्रोथ' फाइलला लावण्यापुरताच.

नातेवाईकांनी मागच्या महिन्याचा पाण्याचा रिपोर्ट मागावा. सॅम्पल आरओच्या तोंडाशी घेतलं की लूपच्या शेवटाला, तेही विचारावं. टेक्निशियनला राग येईल याची काळजी नको. आम्ही वर कितीदा सांगितलं तरी फाइल हलत नाही, पेशंटच्या घरच्यांनी लेखी मागितलं की हलते.