डायक्रोमेट वाढवून कॉन्ट्रास्ट वाढत नाही

"गम प्रिंट सपाट येतोय? डायक्रोमेट वाढवा, कॉन्ट्रास्ट येईल." कोल्हापुरात गम बायक्रोमेट शिकणाऱ्या पोरांमध्ये हा सल्ला सध्या हातोहात फिरतोय. गम बायक्रोमेट म्हणजे फोटो छापायची जुनी पद्धत: डिंक, रंग आणि डायक्रोमेट नावाचं क्षार यांचा थर कागदावर लावायचा, वर निगेटिव्ह ठेवून उजेड द्यायचा; उजेड लागतो तिथला थर घट्ट होतो, बाकीचा पाण्यात सुटतो. त्यापायी पंधरा-वीस ताव वाया घालवून एक मुलगी गेल्या जुलैत माझ्याकडे आली, म्हणून लिहितेय. सल्ला साफ उलटा आहे.

डायक्रोमेट जास्त असेल तर थर उजेडात लवकर घट्ट होतो आणि टोनची पट्टी, म्हणजे गडद ते कोऱ्यापर्यंतच्या छटांची रांग, लांबते. म्हणजे कॉन्ट्रास्ट उतरतो. कमी असेल तर वेळ जास्त लागतो, पट्टी आखूड होते, प्रिंट कडक येतो. मंगळवार पेठेत आमच्या गच्चीवर मी हे करून बघितलंय. रंग तोच, डिंक तोच, कागद तोच, वर स्टेप टॅब्लेट, म्हणजे पायरीपायरीनं गडद होत जाणारी चाचणीची फिल्म. कागदाच्या एका पट्टीला २५ टक्के अमोनियम डायक्रोमेट, दुसरीला ५ टक्के. सगळ्यात गडद पायरी दोन्हीकडे सारखी यावी म्हणून दुसरी बराच जास्त वेळ उन्हात ठेवली. अर्धा तास पाण्यात पालथ्या ठेवून उलटल्या. पहिलीवरच्या पायऱ्या हळूहळू विरत गेलेल्या. दुसरीवर तीन-चार पायऱ्यांनंतर कोरा कागद.

मग लोक फसतात कुठे? वेळ न बदलण्यात. डायक्रोमेट दुप्पट केलं आणि उन्हात तितकीच मिनिटं ठेवलं की सगळा प्रिंट गडद होतो, आणि त्या गडदपणालाच कॉन्ट्रास्ट म्हटलं जातं. खरा काळा येतो तो रंगाच्या प्रमाणातून आणि थरांतून. प्रिंट फिका असेल तर रंग वाढवा, नाहीतर वाळवून दुसरा थर चढवा.

"पोटॅशियमनं टोन येत नाहीत, अमोनियमच हवं," हेही त्यातलंच. २० अंशाला १०० मिली पाण्यात पोटॅशियम डायक्रोमेट साधारण १२ ग्रॅम विरघळतं, अमोनियम त्याच्या जवळपास तिप्पट. दोन्ही संपृक्त, म्हणजे विरघळेल तितकं घेऊन तुलना केली तर फरक दिसणारच. दोन्ही १० टक्के करून बघा.

"पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा तीव्र द्रावण घ्या," हा भाग आपल्याकडे सगळ्यात घातक. दमट हवेत लावलेला थर अंधारातही घट्ट होत जातो, आणि डायक्रोमेट जास्त असेल तर आणखी लवकर. त्या मुलीनं सकाळी लावलेले कागद संध्याकाळी वापरले होते. आकाशाच्या जागी राखाडी पडदा, कितीही धुतला तरी सुटेना. बिचारी निगेटिव्हला दोष देत होती. पुढचा कागद आम्ही १० टक्क्यांनी लावला, पंख्याखाली वाळवला आणि वाळल्या वाळल्या यूव्ही दिव्याखाली ठेवला. आकाश सुटलं.

शिवाय डायक्रोमेटमधलं क्रोमियम कर्करोगकारक आहे. हातमोजे घालाच, आणि उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, झाकणाच्या बरणीत साठवा. आपल्या गटारांचं पाणी जयंती नाल्यातून पंचगंगेत जातं.