भागिले २ म्हणजे नुसता शिफ्ट? नाही हो

आयबीएम मेनफ्रेमवर (मोठ्या संगणकांवर) सी भाषेमध्ये पूर्णांकाला २ ने भागलं की कंपायलर (कोडचं मशीनच्या आज्ञांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) फक्त एक एसआरए (साइन म्हणजे अधिक-उणे चिन्ह राखून बिट उजवीकडे सरकवणारी, म्हणजे शिफ्ट करणारी आज्ञा) टाकून मोकळा होतो, असं सगळीकडे फिरतंय. अर्धवट आहे ते. -७ वर नुसता एसआरए मारला तर येतं -४, आणि सी ला (अपूर्णांक नुसता छाटून) हवं -३, म्हणून साइन असलेल्या आकड्यात कंपायलर आधी साइन बिट (ऋण असेल तर १, नाहीतर ०) त्याच आकड्यात मिळवतो, -७ चं -६ होतं, मग शिफ्ट. अनसाइन्ड (ऋण नसणारा आकडा) असेल तर एकटा एसआरएल (चिन्ह न बघता उजवीकडे शिफ्ट) पुरतो, तिथे वाद नाही. आणि ३ ने भागायला साधा डी (भागाकाराची आज्ञा) वापरला तर सम-विषम क्रमांकाच्या रजिस्टरची (प्रोसेसरमधल्या आकडे ठेवायच्या जागांची) जोडी लागते, आधी एसआरडीए (अख्ख्या जोडीचा उजवीकडे शिफ्ट) ३२ बिटने करून साइन जोडीभर पसरवायची (हे विसरलात की बोंबला!), मग उरलेली बाकी येते सम रजिस्टरमध्ये, भागाकार विषममध्ये. १९६४ च्या सिस्टम/३६० पासून हेच चालू आहे.